विभागाचा पॉडकास्ट: पहिल्या भागापासून पुढच्या बॅचपर्यंत

गेल्या सहा-सात वर्षांत मी चार महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना पॉडकास्ट सुरू करायला मदत केली. त्यातले दोन आजही सुरू आहेत, दोन बंद पडले. एक बंद पडला कारण सगळं खातं एका विद्यार्थिनीच्या स्वतःच्या ईमेलवर होतं. ती पदवी घेऊन नोकरीला लागली, फोन बदलला, जुना पासवर्ड कुणालाच आठवेना. अकरा भाग अजूनही इंटरनेटवर आहेत, पण बारावा कुणी टाकू शकत नाही. दुसरा बंद पडला तो विषयामुळे. ‘करिअर कसं निवडावं’, ‘वेळेचं नियोजन’ असे भाग मुलं मनापासून करत होती, पण त्या विषयावर हजारो लोक बोलत असताना आपलं कुणी ऐकावं, असं त्यात काहीच नव्हतं.

पुढे जे लिहिते आहे ते या दोन चुका टाळण्यासाठी. माइक, सॉफ्टवेअर हे सगळं येईलच, पण ते सोपं आहे.

आपल्याच विभागात काय आहे ते आधी शोधा

पहिल्या बैठकीला फळ्यावर एकच प्रश्न लिहा: आपल्या विभागात, आपल्या तालुक्यात असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही? वनस्पतिशास्त्र विभागाच्या कपाटात वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे जुने नमुने असतात, त्यावर गोळा करणाऱ्याचं नाव आणि गाव असतं. नाशिक जिल्ह्यातल्या अर्थशास्त्र विभागापासून लासलगावचा कांदा बाजार एका एसटीच्या अंतरावर असतो. खानदेशातल्या मराठी विभागात निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात. कोल्हापूरच्या रसायनशास्त्राच्या मुलांच्या घरी गुऱ्हाळ असतं, आणि काकवी कुठल्या क्षणी गूळ होते हे वडिलांना हाताला कळतं, मुलाला सूत्रात कळतं. या दोघांचं बोलणं एकत्र ऐकायला मिळालं तर तो भाग दुसरं कुणीच करू शकणार नाही.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा भूशास्त्र किंवा भूगोल विभाग आहे. त्यांच्या दाराशी विषय आहे कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, चार वाजून गेलेले, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तीव्रता ६.३च्या आसपास. त्याआधी काही वर्षांपूर्वी, १९६२च्या सुमारास, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला सुरुवात झाली होती, आणि जलाशयामुळे भूकंप घडतात का, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं. कराडजवळ केंद्र सरकारची याच विषयाची प्रयोगशाळा आहे, तिथल्या संशोधकांनी बेसॉल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. आणि ती पहाट अनुभवलेली माणसं आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या दहा वर्षांत त्यातली किती बोलायला असतील?

विषय सापडला की सहा भागांचं एक पर्व ठरवा. एका सत्रात शिकवण्याचे आठवडे जेमतेम पंधरा मिळतात, त्यात अंतर्गत परीक्षा, स्नेहसंमेलन, सण. दर पंधरा दिवसांनी एक भाग हेच जमतं. ‘दर आठवड्याला’ असं जाहीर करू नका. सहा भाग झाले की पर्व संपलं असं सांगून थांबा. आठ महिने गप्प राहून मग ‘माफ करा, उशीर झाला’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

परवानगी आणि खातं

कम्युनिटी रेडिओ आणि पॉडकास्ट यात नवखे गोंधळतात. रेडिओ केंद्राला केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचा परवाना लागतो आणि ते दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात ऐकू येतं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ साली सुरू झालं, आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ एफएम १०७.४वर आणि मुंबई विद्यापीठाचं ‘मस्ट रेडिओ’ १०७.८वर आहे. पॉडकास्टला असा परवाना लागत नाही. पण तुमच्या विद्यापीठाचं किंवा शेजारच्या महाविद्यालयाचं असं केंद्र असेल तर त्यांच्याकडे जाऊन या. स्टुडिओ वापरायला मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी तिथला ध्वनिमुद्रण करणारा माणूस तासाभरात जे शिकवतो ते महिनाभर व्हिडिओ बघून येत नाही.

विभागप्रमुखांकडून एक साधं पत्र घ्या: कोणत्या विषयावर, किती भाग, अंतिम भाग प्रसिद्ध होण्याआधी कोण ऐकणार. शेवटचा मुद्दा लेखी हवाच. ऐकणारी व्यक्ती एकच असावी आणि तिला चार दिवसांची मुदत असावी. नाहीतर फाइल तीन टेबलांवर फिरत राहते आणि मुलांचा उत्साह मावळतो.

त्याच दिवशी विभागाच्या नावाने नवा ईमेल उघडा. सगळी खाती त्यावर. पासवर्ड कागदावर लिहून विभागाच्या कपाटात, बंद पाकिटात. पडताळणीसाठी मोबाइल क्रमांक शिक्षकाचा द्या, विद्यार्थ्याचा नको. पॉडकास्टच्या फीडमध्ये, म्हणजे अॅप्स जी भागांची यादी वाचतात तिच्यात, हा ईमेल उघड दिसू शकतो, तेव्हा त्या दृष्टीनेही स्वतःचा पत्ता वापरू नये.

संमतीचा कागद

ज्यांच्याशी बोलणार त्यांच्यासाठी एक पानी मराठी संमतीपत्र तयार करा. त्यात चार गोष्टी: हे कुठे ऐकवलं जाणार, त्यातून पैसे मिळवणार का, नाव द्यायचं की नाही, आणि नंतर मन बदललं तर कुणाला फोन करायचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि ध्वनिमुद्रण सुरू करून त्यांच्याच तोंडून होकार घ्या.

हा सोपस्कार नाही. एकदा एका आजोबांनी बोलण्याच्या ओघात भावकीतल्या जमिनीच्या वादाबद्दल नावं घेऊन सांगितलं. आम्हाला ते फार जिवंत वाटलं आणि आम्ही ठेवलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, आवाज थरथरत होता. गावात बोलणं बंद झालं होतं. आम्ही तो भाग त्याच संध्याकाळी काढला, कापला, पुन्हा टाकला, पण झालं ते झालंच. तेव्हापासून माझा नियम आहे: तिसऱ्या माणसाचं नाव, जमीन, लग्न, आजार यांबद्दल काही आलं तर ते आधी पुन्हा ऐकवायचं आणि विचारायचं.

प्राध्यापकांच्या जाहीर व्याख्यानांचं मुद्रण करून थेट टाकण्याचा मोह होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा पहिला हक्क साधारणपणे भाषण करणाऱ्याचा धरला आहे, त्यामुळे पाहुण्यांची लेखी परवानगी हवी. आणि संगीत: सिनेमातलं गाणं नको, दहा सेकंदही नको. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असं प्रत्येक वर्गात कुणीतरी सांगतंच, कायद्यात तशी सूट नाही. महाविद्यालयात पेटी वाजवणारं, डफ वाजवणारं कुणी ना कुणी असतं. त्यांच्याकडून वीस सेकंदांची स्वतःची चाल करून घ्या आणि नाव द्या.

खोली, फोन आणि एक वीत अंतर

सुरुवातीला नवीन काही विकत घेऊ नका. बऱ्यापैकी फोन आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक पुरतो. दोन माणसं असतील तर दोन फोन, प्रत्येकाजवळ एक. पैसे खर्च करायचेच असतील तर कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर करा, कारण खराब आवाज वेळीच ऐकू आला तरच सुधारता येतो.

खोली मात्र विचारपूर्वक निवडा. रिकामा वर्ग सगळ्यात वाईट: फरशी, भिंती, फळा, सगळीकडून आवाज परततो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘झण्ण’ असा शेपूट आला तर ती खोली सोडा. ग्रंथालयाच्या आतल्या, पुस्तकांच्या रॅकमधल्या बोळात हीच टाळी वाजवून बघा, आवाज जागच्या जागी मरतो. वसतिगृहातली खोलीही चालते, भिंतींना गोधड्या टांगा, गादी उभी करा. पंखा बंद. मुलं पंखा हळू करतात आणि चालेल म्हणतात. चालत नाही. उन्हाळ्यात दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, मधे पंखा लावा, पाणी प्या. फोन विमान मोडवर.

माइक तोंडापासून साधारण एक वीत, आणि नाकासमोर नव्हे तर थोडा बाजूला. मराठीत याला जास्त महत्त्व आहे, कारण आपल्याकडे प, फ, भ असे ओठांचे वर्ण पदोपदी येतात. ‘भाऊ’, ‘फाटा’, ‘पाऊस’ म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर बसला की ‘धप्’ असा आवाज येतो, आणि तो नंतर काढणं जवळजवळ अशक्य.

शक्य असेल तर मूळ आवाज जसाच्या तसा साठवणाऱ्या वेव्ह स्वरूपात मुद्रण करा. एका माइकच्या एका तासाला साधारण ३०० एमबी लागतात, तेव्हा फोनमधली जागा आधी बघा. बोलणं सुरू होण्याआधी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज मुद्रित करा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

बोलतं करणं

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथेच विद्यार्थ्यांचे पॉडकास्ट मार खातात.

आपल्या कार्यक्रमांची सवय अंगात भिनलेली असते. माइक सुरू झाला की मुलगा ताठ बसतो आणि ‘आजच्या या भागात मी आपणा सर्वांचं सहर्ष स्वागत करतो’ असं सुरू करतो. मग पाहुण्यांचा परिचय, पदव्या, पुरस्कार, तीन मिनिटं संपली. ऐकणारा स्वयंपाक करताना किंवा गाडीवरून जाताना ऐकत असतो, तो तिसऱ्या मिनिटापर्यंत थांबत नाही. त्यापेक्षा कोयनेची ती पहाट पाहिलेल्या आजींच्या आवाजाने थेट सुरुवात करा: एखादं वाक्य, अर्ध्या मिनिटाचं. मग निवेदकाने दोन वाक्यांत सांगावं की आपण कुठे आहोत आणि या कोण.

प्रश्न विचारताना ‘भूकंपाबद्दल सांगा’ म्हटलं की समोरचा माणूस वर्तमानपत्रात वाचलेलं सांगतो. ‘आजी, त्या रात्री तुम्ही कुठे झोपला होतात? घरात कोण कोण होतं?’ असं विचारलं की त्या माजघर सांगतात, म्हशीचं हंबरणं सांगतात, अंधारात कुणाचा हात धरला ते सांगतात. जागा, माणसं, वस्तू विचारा. भावना विचारू नका, त्या आपोआप येतात. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न मी मुलांना चक्क बंद केला आहे.

त्यांची बोली सुधारू नका. ‘हालाय लागलं’ म्हटलं तर ते तसंच राहू द्या. निवेदकाने पुन्हा प्रमाण मराठीत ‘म्हणजे जमीन हलायला लागली’ असं म्हणण्याची गरज नसते, आणि त्यातून समोरच्याला आपलं बोलणं कमी प्रतीचं वाटतं. एखादा शब्द बाहेरच्यांना खरंच कळणार नसेल तर आजींनाच विचारा, त्यांच्याकडून येणारा अर्थ कुठल्याही कोशापेक्षा छान असतो.

आपल्याला बोलता बोलता ‘हं’, ‘हो ना’, ‘अरे बापरे’ म्हणायची सवय आहे. समोरासमोर ते आपुलकीचं असतं, पण मुद्रणात प्रत्येक वाक्यावर आपला आवाज चढतो आणि कापता येत नाही. मानेने हुंकार द्या. आणि त्या थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. एका बाईंनी चाळीस मिनिटं व्यवस्थित सगळं सांगितलं, मग थांबल्या, आम्ही गप्प राहिलो, आणि त्या म्हणाल्या, ‘धाकटीचं नाव मी अजून घेत नाही.’ तेवढंच. तो भाग मी वर्गात आजही ऐकवते.

प्राध्यापकांचं उलट असतं. सर टाचण घेऊन येतात आणि वाचायला लागतात. वाचलेलं वाक्य कानाला लगेच ओळखू येतं. त्यांना विनंती करा की टाचण टेबलावर पालथं ठेवा आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला समजावता तसं मला समजावा. ‘जलाशयाच्या पाण्याने भूकंप कसा होईल, पाणी तर मऊ असतं’ असा भाबडा प्रश्न विचारायला निवेदकाने लाजू नये. मग सर सांगतात की साठलेल्या पाण्याचं वजन असतं, आणि ते भेगांमधून खोल झिरपलं की खडकांमधला दाब वाढतो, आधीच ताणलेली भेग सरकायला तेवढं निमित्त पुरतं. इंग्रजी संज्ञा आली तर येऊ द्या, फक्त ती पहिल्यांदा येते तेव्हा मराठीत उलगडून घ्या.

संपादन

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. मूळ फाइलची प्रत काढून ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही.

आधी फक्त ऐका आणि वेळेसह कागदावर नोंदी करा. मग पंचेचाळीस मिनिटांतून वीस मिनिटं निवडा. निवेदनाचा मजकूर त्यानंतर लिहा. मराठीत सावकाश बोललं की मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, त्या हिशेबाने मजकूर बेता. सुरुवातीला मुद्रित केलेल्या शांततेवरून सॉफ्टवेअरला खोलीची घरघर ओळखायला सांगता येतं, ती थोडीच कमी करा, जास्त केली तर माणूस बादलीत बोलतोय असं वाटतं. जिथे कापलं तिथे पूर्ण शांतता न ठेवता खोलीचाच आवाज भरा.

शेवटी आवाजाची पातळी. अॅपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसची (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आहे, ऑडॅसिटीत हा आकडा थेट देता येतो. त्यामुळे आजींचा हळू आवाज आणि सरांचा खणखणीत आवाज ऐकताना कुणाला सारखं बटण फिरवावं लागत नाही. नुसतं बोलणं असेल तर एमपीथ्री, मोनो (एकच वाहिनी), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरे: वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो. ज्या आजी बोलल्या त्यांच्या नातवाच्या फोनवर तो सहज उतरला पाहिजे.

प्रसिद्ध करणं

फाइल ठेवायला होस्टिंग सेवा लागते. ती एक फीड तयार करते, आणि अॅपल, स्पॉटिफाय वगैरे ठिकाणं ते फीड वाचून नवा भाग दाखवतात. म्हणजे भाग एकदाच चढवायचा. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स ही अशी एक सेवा मोफत आहे. सेवा निवडताना एकच बघा: उद्या दुसरीकडे जायचं ठरलं तर फीड बरोबर नेता येतं का? गूगल पॉडकास्ट २०२४ साली बंद झालं, तेव्हा एकाच ठिकाणी विसंबणं बरं नाही. यूट्यूबवरही टाका, आपल्याकडे कित्येक जण पॉडकास्ट तिथेच ऐकतात.

मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावर नाव इतकं मोठं की फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं झालं तरी वाचता यावं. भागाचं नाव देवनागरीत, त्यात गावाचं नाव हवं. ‘भाग ३: आठवणी’ असं काही शोधणाऱ्याला सापडत नाही. ‘कोयनानगर, डिसेंबर १९६७: त्या पहाटेची गोष्ट’ सापडतं. भाषा निवडताना मराठी निवडायला विसरू नका.

संपूर्ण संहिता लिहून सोबत द्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी ती हवीच, आणि पुढे कुणी संशोधन करेल त्यालाही. फोनवरच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीने कच्चा मजकूर मिळतो, पण बोलीभाषेत तो फार चुकतो. दोघांनी मिळून तपासा, एकाने ऐकायचं, एकाने वाचायचं.

नोंदवही आणि पुढची बॅच

प्रत्येक मुद्रणाची नोंद करा: तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि वय, मुद्रण कुणी केलं, संमतीपत्र कुठे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्या आज कामाला येतात कारण ओवी कुठल्या गावची, कुणी गायली, हे लिहून ठेवलेलं होतं. आपल्या सहा भागांची नोंद ठेवणं त्यामानाने काहीच नाही. पूर्ण, न कापलेली मुद्रणं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक विभागात, एक ग्रंथालयात, परिग्रहण क्रमांक घालून. ग्रंथपालांनी एकदा दप्तरी घेतलं की ते सहसा हरवत नाही.

चमूत पहिल्या दिवसापासून दोन विद्यार्थी पहिल्या वर्षाचे असू द्या. पहिल्या भागात त्यांनी फक्त हेडफोन लावून ऐकायचं. तिसऱ्यात संपादन. पाचव्यात प्रश्न. सहावा भाग त्यांनी एकट्याने करायचा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्या दिवशी खोलीत यायचं नाही, अगदी मदत मागितली तरी. भाग प्रसिद्ध झाला की कपाटातलं पाकीट उघडायचं, पासवर्ड बदलायचा, नवा कागद लिहून त्या दोघांच्या हातानेच परत कपाटात ठेवायचा.

आणि सहाही भाग एका पेनड्राइव्हवर घालून बोललेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन द्या. तिथे चहा होतो, शेजारचे जमतात, आणि कुणीतरी दारातूनच म्हणतं, ‘आमच्या म्हातारीला पण इचारा की, तिला लई म्हायती हाय.’ वही बरोबर ठेवा.